होमस्टेला समुद्राचं पाणी गोडं करून वापरता येईल का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ कोल्हापूरच्या राजारामपुरीतले आहेत. त्यांच्या मामांचं मालवणच्या बाजूला, किनाऱ्यालगत आठ खोल्यांचं होमस्टे आहे. मार्चपासून विहिरीला मचूळ पाणी यायला लागतं आणि मे महिना सगळा टँकरवर निघतो. त्यांनी विचारलंय: घरी आरओ आहेच, तसलंच मोठं मशीन घेऊन समोरचं समुद्राचं पाणी गोडं केलं तर? आणि हे जमत असेल, तर सरकार तेच पाणी सांगलीच्या दुष्काळी जत-आटपाडीला का देत नाही?

पहिल्याचं उत्तर असं, की जमतं, पण मामांना मी ते करू देणार नाही. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबचं आहे, ते शेवटी.

मी साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये नोकरीला लागलो. तिथून आखातात खाऱ्या पाण्याच्या प्लँटवर, मग गुजरातच्या किनाऱ्यावर एका कारखान्याच्या आरओवर. आता उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, आरओ बसवतो आणि दुरुस्त करतो. म्हणजे मशीन विकलं गेलं तर फायदा माझाच आहे. तरी नको म्हणतोय.

घरातलं मशीन आणि समुद्राचं मशीन यांच्यात नुसता आकाराचा फरक नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. पाण्याची ओढच तशी, गोड्याकडून खाऱ्याकडं. मेम्ब्रेन म्हणजे पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा पातळ पडदा. त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गोडं पाणी ठेवून नुसतं बघत बसलात, तर गोडं पाणीच समुद्राकडं जाईल. आपल्याला ते उलटं ढकलायचंय. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टीडीएस (लिटरमागं मिलिग्रॅममध्ये क्षार) ३५,०००. ही ओढ नुसती थोपवून धरायलाच २७ बार दाब लागतो. घरातल्या मशीनचा पंप ५-६ बारचा. त्याला समुद्राचं पाणी जोडलं तर थेंब यायचा नाही.

बरं, २७ वर भागतही नाही. गोडं पाणी निघत जाईल तसं मागं राहिलेलं पाणी आणखी खारं होत जातं. शंभर लिटरमधून चाळीस लिटर गोडं काढलं की उरलेल्या साठ लिटरचा टीडीएस ५८,००० च्या घरात जातो आणि त्याची ओढ ४५ बारच्या आसपास पोचते. म्हणून समुद्राचे प्लँट ५५ ते ७० बारवर चालतात. ६० बार म्हणजे ६०० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. म्हणजे मालवणच्या वाळूत बसून पाणी गोडं करायला जेवढा दाब लागतो, तेवढ्यात ते पाणी उंचीनं रंकाळ्याला पोचलं असतं. हा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. त्यानंतर मोटर एवढी मोठी का, असं कुणी विचारत नाही.

विजेचं गणित करू. हजार लिटर पाण्यावर ६० बार चढवायला सुमारे १.७ युनिट लागतात. हजार लिटर गोडं मिळवायला अडीच हजार लिटर ढकलायचं, म्हणजे सव्वाचार युनिट. पंप आणि मोटरमध्ये जाणारं धरलं की पाचाच्या वर. मोठे प्लँट इथं एक युक्ती करतात. टाकून द्यायचं खारं पाणी, ज्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो, ते मेम्ब्रेनमधून बाहेर पडतं तेव्हाही त्याच्यात जवळपास सगळा दाब शिल्लक असतो. तो फुकट सोडायचा नाही, प्रेशर एक्स्चेंजरमधून नव्या येणाऱ्या पाण्याला द्यायचा. आत एक सिरॅमिकचा रोटर गरगर फिरत असतो, बाहेरून बघितलं तर साधा जाड पाईप. त्यातला ९५ टक्क्यांच्या आसपास दाब परत मिळतो. त्यामुळं समुद्रातून पाणी उचलण्यापासून सगळं धरून हजार लिटरला ३ ते ४ युनिटात काम होतं. होमस्टेच्या मापाच्या मशीनला बहुतेक वेळा ही सोय नसते आणि शंभरातलं पंचवीस-तीस लिटरच गोडं निघतं. तिथं ७-८ युनिट धरून चाला.

आता तुम्ही म्हणाल, युनिट दहा रुपयांनी धरलं तरी ऐंशी रुपयांत हजार लिटर, टँकरपेक्षा लई स्वस्त! इथंच माणूस फसतो. खर्च विजेत नाही, बाकीच्यात आहे. समुद्राच्या पाण्याला ३०४ स्टील चालत नाही, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. ३१६ सुद्धा जोडाच्या फटीत सडतं. हाय प्रेशरच्या भागाला डुप्लेक्स नावाचं भारी स्टील लागतं आणि त्याचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. वाळू, शेवाळ, गाळ अडवायला आधी सँड फिल्टर, मग बारीक कार्ट्रिज फिल्टर. क्षार मेम्ब्रेनवर बसू नयेत म्हणून अँटिस्केलंटचं डोसिंग. आणि मामांना मशीन लागणार वर्षातले तीन महिने. उरलेले नऊ महिने मेम्ब्रेन नुसतं पाण्यात ठेवून दिलं तर त्याच्यावर बुळबुळीत थर चढतो, पुढच्या मार्चला मशीन सुरू केलं की वास येतो. ते औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवावं लागतं आणि ते पाणी अधूनमधून बदलावं लागतं. हे कोण करणार, मामा की भांडी घासायला येणारी बाई?

माणूस का लागतो, त्याचा माझ्या नजरेखालचा एक प्रसंग सांगतो. गुजरातच्या प्लँटवर समुद्राच्या पाण्यात जीव वाढू नयेत म्हणून सुरुवातीलाच क्लोरीन मारायचो. पण आजकालचं मेम्ब्रेन पॉलिअमाइडचं असतं, त्याला क्लोरीन अजिबात सोसत नाही. म्हणून मेम्ब्रेनच्या अलीकडं सोडियम मेटाबायसल्फाइट सोडून तो क्लोरीन निकामी करायचा. एका रात्री त्या डोसिंग पंपात हवा अडकली. पंप टकटक वाजत होता, पण औषध जात नव्हतं. सकाळी ऑपरेटर खुशीत सांगत आला, "साहेब, प्रेशर कमी झालंय आणि पाणी जास्त येतंय!" लॉगशीट बघितली तर खरंच तसं. मी पण तासभर खूश होतो, खोटं कशाला सांगू. मग लॅबचा आकडा आला. गोड्या पाण्याचा टीडीएस रोज ३०० असायचा, तो साडेचारशेवर गेला होता, आठवडाभरात सातशे. मेम्ब्रेन जळालं होतं. पाणी जास्त येत होतं कारण क्षारांनाही वाट मोकळी झाली होती. पूर्ण सेट बदलावा लागला. तेव्हापासून प्रेशर आपोआप कमी झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

मेम्ब्रेनची गोष्ट तशी फार जुनी नाही. लोब आणि सूरीराजन या दोघांनी कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमारास कामाला येईल असं मेम्ब्रेन बनवलं. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं समुद्राचं पाणी उकळूनच गोडं करायचे आणि ते तंत्र कोल्हापूरच्या माणसाला शिकवायची गरज नाही. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळतो, वाफ आभाळात जाते. एका वाफेचा एकदाच उपयोग. साखर कारखान्यात तसं करत नाहीत. पहिल्या बॉडीतल्या, म्हणजे बंद भांड्यातल्या, रसाची वाफ दुसऱ्या बॉडीला तापवते, दुसरीची तिसरीला, प्रत्येक पुढच्या बॉडीत दाब कमी म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. १८४० च्या दशकात नॉर्बर्ट रिलिए नावाच्या इंजिनिअरनं अमेरिकेत उसाच्या रसासाठीच ही पद्धत बसवली. आखातात गेलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, ही तर आपलीच क्वाड, म्हणजे चार बॉडींची रांग. फरक एवढाच, की कारखान्यात आम्हाला पाक हवा असायचा आणि वाफेचं पाणी दुय्यम. तिथं उलटं, वाफेचं पाणी हवं आणि पाक समुद्रात. पण पाण्याची वाफ करणं महागच. हजार लिटरला एकदाच उकळायचं तर सहाशेच्या वर युनिटांची उष्णता लागते. शेजारी वीजकेंद्र असेल आणि त्याची वाफ मिळत असेल तरच ते परवडतं. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून आणखी वेगळी रीत आहे. समुद्रावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफाळवतात आणि साडेतीनशे मीटर खोलीवरच्या थंड पाण्यानं ती वाफ गार करतात. दिवसाला १ लाख लिटर मिळतं. बेटाला समुद्र लगेच खोल होतो म्हणून ते जमलं. आपल्या किनाऱ्यावरून तेवढी खोली गाठायला लई आत जावं लागेल.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः नाही म्हणतोय ते. रिजेक्ट.

मामांना रोज तीन हजार लिटर गोडं हवं असेल, तर सात ते नऊ हजार लिटर खारं पाणी रोज कुठंतरी जाणार. विकणारा म्हणेल, बागेत सोडा, शोषखड्डा करा. तसं केलंत तर दोन वर्षांत विहीर कायमची गेली म्हणून समजा, आणि कलमंही गेली, आंब्याला मीठ सोसत नाही. पाण्यातला क्षार जमिनीत राहिला की काय होतं ते बघायचं असेल तर शिरोळला जा. तिथं तर गोड्या नदीचंच पाणी उसाला जास्त पाजून जमिनी क्षारपड झाल्यात, वर पांढरा थर, खाली पाणी हलायला तयार नाही. आणि हे तर समुद्रापेक्षा खारं पाणी.

मग समुद्रात सोडा? सोडतात, जगभर सोडतात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा जगात सुमारे १६,००० प्लँट होते, रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी आणि चौदा कोटींच्या वर घनमीटर रिजेक्ट. समुद्र मोठा आहे, त्याला काय होतंय, असं आम्हीही म्हणायचो. पण हे पाणी जड असतं. एका पाईपनं ओतलं तर समुद्रात मिसळत नाही, तळाशी बसतं आणि चादरीसारखं पसरतं. वरची हवा तळाला पोचत नाही आणि तिथल्या जिवांना पळताही येत नाही. त्यात अँटिस्केलंट, फिल्टर धुतलेलं लालसर पाणी, उरलासुरला क्लोरीन. मोठ्या प्लँटना लांब आत पाईप नेऊन, त्याला भोकांच्या तोट्या लावून, जोरात फवारून हे पाणी मिसळवावं लागतं. नीट केलं तर थोड्या अंतरावर खारटपणाचा फरक फारसा उरत नाही, हेही प्रामाणिकपणानं सांगतो. पाणी आत घेतानाही हानी होते. माशांची अंडी, पिल्लं, डोळ्याला न दिसणारे जीव पाण्याबरोबर ओढले जातात. आमच्या इनटेकच्या जाळीवर पावसाळ्याच्या सुरुवातीला जेलीफिश एवढे यायचे, की दोन माणसं फावड्यानं काढायला ठेवलेली.

मालवणला तर पोवळ्यांचे खडक आहेत. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंगला येणाऱ्या पाहुण्यांवरच होमस्टे चालतं आणि त्याच पाण्यात तुम्ही पाईप सोडणार! सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, परवानगी तर वेगळीच. समुद्रातून पाणी घ्यायला आणि परत सोडायला ती लागते, आणि आठ खोल्यांसाठी त्या चकरा कोण मारणार?

तर मग मामांनी काय करावं? इथं सगळं त्यांच्या विहिरीवर अवलंबून आहे, म्हणून मी ठाम आकडा देत नाही. पण रोग काय ते सांगू शकतो. त्यांच्याकडं गोड्या पाण्याची टंचाई बाराही महिने नाही, तीन महिने आहे, आणि तीही बरीचशी पंपानं केलेली असणार. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. दोघांच्या वजनातला फरक एवढा थोडा असतो, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं मिळतं. हेच उलटं वाचा. पातळी एक मीटरनं उतरली की खालून खारं चाळीस मीटर वर यायला बघतं. विहिरीत तीन एचपीचा पंप टाकून तासाभरात टाकी भरायची, ही सवय मार्चनंतर महागात पडते. लहान पंप, थोडं थोडं पाणी, दिवसभर. नुसतं एवढं केल्यानं मचूळपणा महिनाभर पुढं गेलेला मी बघितलाय, अर्थात विहीर समुद्रापासून किती लांब आणि शेजारी किती उपसतात त्यावर ते आहे. शेजाऱ्यानं बोअर मारून उपसा चालवला असेल तर तुमचा लहान पंप काही करू शकत नाही.

दुसरं, छप्पर. कोकण किनाऱ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शंभर चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर पडतं, वाया जाणारं सोडून दोन-सव्वादोन लाख हाताला लागावं. सगळं साठवायची गरज नाही. पन्नास हजार लिटरची झाकलेली टाकी बांधा, बाकीचं विहिरीच्या पुनर्भरणाला सोडा. पिणं आणि स्वयंपाक यांना माणशी दहा लिटर धरलं, तर वीस पाहुण्यांना दिवसाला दोनशे लिटर. पन्नास हजार लिटर म्हणजे अडीचशे दिवस. आंघोळीला आणि फ्लशला थोडं मचूळ पाणी चालतं, पाहुण्यांना आधी सांगितलं तर कुणी तक्रार करत नाही.

एवढं करूनही मेमध्ये कमी पडलं, तरच मशीन. पण समुद्राच्या पाण्याचं नाही, मचूळ विहिरीचं. विहिरीचा टीडीएस दोन-चार हजार असेल तर दहा-पंधरा बारचा लहान आरओ पुरतो, वीज समुद्राच्या मानानं फारच कमी, स्टीलचं लफडं कमी. त्याचं रिजेक्ट पण जमिनीत सोडायचं नाही, फ्लशच्या टाकीत घ्या. आणि आरओचं पाणी धातूच्या पाईपातून फिरवायचं असेल तर आधी चुनखडीच्या फिल्टरमधून जाऊ द्या. क्षार काढून टाकलेलं पाणी भुकेलं असतं, पाईप खातं.

आता जत-आटपाडी. जत असो की कोल्हापूर, घाट चढवायचाच आहे. ६०० मीटर उचलायला हजार लिटरला दोन युनिटांच्या वर जातात, पाईपातलं घर्षण वेगळं. गोडं करायचे साडेतीन धरा. एक एकर उसाला वर्षाला दोन मीटर पाणी म्हणजे ८० लाख लिटर. नुसतं गोडं करायला २८,००० युनिट आणि वर आणायला आणखी सोळा हजार. एका एकराला! त्या मुलखाला कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ योजना आहेत, तिथंच विजेच्या बिलाची बोंब असते, आणि ते पाणी मुळात गोडं आहे.

पिण्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. माणशी ५५ लिटर धरलं तर गोडं करायला दिवसाला पाव युनिटही लागत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या मोठ्या शहराला हे परवडतं. चेन्नईत मिंजूरला २०१० मध्ये रोज १० कोटी लिटरचा प्लँट सुरू झाला, २०१३ मध्ये नेम्मेलीला तेवढाच दुसरा. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथले तलाव आटले तेव्हा समुद्राचं पाणी चालू होतं. पाऊस पडो न पडो, तो नळ बंद होत नाही, हा त्याचा खरा गुण. मुंबईतही मनोरीला २० कोटी लिटरचा प्लँट करायचं चाललंय. पण किनाऱ्यापासून आत जितकं जाल तितका हा गुण महाग होतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सगळ्यांना तो वेडेपणा वाटला. पण ते गोडं पाणी होतं आणि मिरज लातूरच्या उंचीपासून फार खाली नाही. तेच समुद्रातून आणायचं म्हटलं तर आधी घाट आहे.

आणि आपल्याकडची गंमत वेगळीच. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शंभरेक किलोमीटरवर टँकर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंपिंग स्टेशनं बुडाली, गल्लीत पाणी आणि नळाला थेंब नाही, बादल्या घेऊन रांगेत मीही उभा होतो. ज्या जिल्ह्यात हे होतं तिथं समुद्राकडं बघायच्या आधी मी पाईप, टाकी आणि पंपाची जागा बघेन.

तर तुम्ही एक काम करा. मामांना सांगा, या मेमध्ये विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या. एक पहाटे, पंप लावायच्या आधी. दुसरी पंप दोन तास चालल्यावर. दोन्हीवर वेळ लिहून लॅबमध्ये टीडीएस आणि क्लोराईड बघून घ्या. दुसऱ्या बाटलीचा आकडा पहिलीपेक्षा बराच जास्त आला तर आधी पंप बदला, मशीनचं नंतर बघू. आकडे इथंच टाका, मी बघतो.